साताऱ्यात इतिहास शोधायचा आहे? अजिंक्यताऱ्यावरून खाली उतर

किल्ला आधी बघ, हरकत नाही. पण मग राजवाड्याकडे ये. प्रतापसिंह हायस्कूलच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' असं बाबासाहेबांचं नाव नोंदलं गेलं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तरी पेठेतून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. आत जाण्याआधी शाळेची परवानगी घे.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात आली. वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. त्या काळात हे किती धाडसाचं होतं याचा विचार कर. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. भाऊरावांचे पुतळे ठिकठिकाणी दिसतील, लक्ष्मीबाईंबद्दल मात्र तुलाच मुद्दाम विचारावं लागेल. जरूर विचार.

शहरातच अडकू नकोस. खंडाळा तालुक्यातलं नायगाव सावित्रीबाईंचं जन्मगाव, खटावातलं कटगुण जोतीरावांचं मूळ गाव. नायगावला जयंतीचा दिवस, ३ जानेवारी, टाळून जा, म्हणजे निवांत बघता येईल. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ ला 'चले जाव' चळवळीतल्या मोर्च्यावर गोळीबार झाला, ती जागाही बघून ये.

गावात म्हाताऱ्या माणसांपाशी बस, फोन खिशात ठेव. नावं, सालं नंतर नगर वाचनालयात पडताळता येतील.