तुम्ही खोडलेलं वाक्य

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, मराठी स्पेशल. ‘बनगरवाडी’वरच्या असाइनमेंटला 20 पैकी 9 गुण मिळाले. सरांनी शेरा मारलाय, ‘माहिती भरपूर, पण तुझं म्हणणं काय?’ मी स्वतः शिक्षिका आहे, तिचं सगळं लिखाण मीच सुधारून देते. पुढे आम्हाला नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची आहे. आम्ही कोणती गाईडं वापरावीत? सोबत कच्च्या पानाचा फोटो पाठवते आहे. – एक आई, सोलापूर

ताई, पत्रापेक्षा तो फोटोच मी जास्त वेळ बघत बसलो. पानावर पहिलंच वाक्य मुलीच्या हातचं आहे : ‘मला मास्तरचा राग आला, कारण शेवटी तो निघून जातो.’ त्यावर तुमची लाल रेघ आहे आणि वर तुमच्या सुंदर अक्षरात, ‘या कादंबरीत ग्रामीण जीवनाचे वास्तव व हृदयस्पर्शी चित्रण आढळते.’ सरांनी गुण कापले ते तुमच्या या वाक्याचे. ‘तुझं म्हणणं काय’ याचं उत्तर तिनं लिहिलं होतं, ते तुम्ही खोडलंत.

तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. निबंधात ‘मला’ येऊ नये, राग येऊ नये, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं आहे. पण वीस वर्षांच्या मुलीचं पहिलं वाक्य आई बदलत राहिली, तर तिला वाटू लागतं की आपल्याला सुचतं ते लिहिण्याजोगं नसतंच. पत्रभर तुम्ही ‘आम्ही’ लिहिलंय. तिला मराठीतच पुढे जायचं आहे का, हे त्यात कुठेच सापडलं नाही.

आता गैरसमजाबद्दल. निबंधात जे सिद्ध करायचं ते मुख्य विधान, म्हणजे थीसिस. ते म्हणजे कादंबरीचा विषय किंवा तिचं कौतुक, असं बहुतेक गाईडं धरून चालतात. ‘वास्तव चित्रण आहे’ या वाक्याला कोण नाही म्हणेल? ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, ते सिद्ध करायला दहा पानं कशाला हवीत? समंजस वाचक ज्याच्याशी वाद घालू शकेल आणि पुस्तक उघडून ज्याचा खरंखोटेपणा बघता येईल, असं एक विधान लागतं. ते बहुतेक वेळा वाचताना जिथे खटकलं तिथेच सापडतं. मुलीला मास्तर खटकला. मग विचारायचं, का? व्यंकटेश माडगूळकरांनी 1955च्या या कादंबरीत वाडीची गोष्ट मास्तरच्याच तोंडून सांगितली आहे. तो शिकवायला येतो, वाडीकरांच्या सुखदुःखात गुंततो, तालीम उभी राहते, आणि आपणही त्याला वाडीचाच समजू लागतो. पण दुष्काळात मेंढरं मरतात तेव्हा धनगराचं सगळंच जातं, मास्तरचा पगार मात्र चालू असतो. म्हणजे दुष्काळ आपल्याला सांगतोय तो पगारदार माणूस. याचा निवेदनावर काही परिणाम होतो का? लगेच उलट बाजू : वाडीच उठून गेली तर मास्तर शिकवणार कुणाला? त्याच्यावर रागावणं अन्यायाचं नाही का? या आक्षेपाला तोंड देत तिचा राग टिकला, तर त्यातून विधान तयार होईल. न टिकला, तर ती ते बदलेल. शेवटची प्रकरणं पुन्हा वाचून, वाक्यांखाली पेन्सिलीनं खुणा करून हे काम तिनंच करायचं आहे. माझी वरची मांडणीही कृपा करून तिच्या वहीत उतरवू नका.

नेट आणि सेट (तशीच राज्यपातळीवरची परीक्षा) यांचं थोडक्यात : नुसत्या तीन वर्षांच्या बी.ए.वर त्यांचा विचार नको, आणि दोन्ही परीक्षांत प्रश्न बहुपर्यायी असतात. तिथे पाठांतर बऱ्यापैकी तारून नेतं. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत आपला प्रश्न मांडायची वेळ येते, तेव्हा आईनं सुधारलेली वाक्यं उपयोगी पडत नाहीत. बी.एड.चा रस्ता तुम्हाला माहीत आहेच.

गाईड सध्या एकही घेऊ नका. वही तिला परत द्या, आणि ते वाक्य तुम्ही का खोडलंत हे तिला मोकळेपणानं सांगा. सरांकडे पुन्हा लिहून देण्याची परवानगी तिनं स्वतः मागावी. नवा निबंध तुम्ही वाचायचा तो गुण लागल्यानंतर, आणि तोही तिनं दाखवला तर. पुढचं पत्र मात्र तिच्याकडून येऊ द्या.