'केमोकाइन रिसेप्टर'ला 'ग्राहक' म्हणावं का?

फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी तपासताना "केमोकाइन ग्राहकांमुळे गाठीतील वाहिनीजनन वाढते" असं वाक्य आलं, ते चालेल का, असा प्रश्न आहे. पत्रक परळला टाटा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहे.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं असं प्रथिन, ज्याला बाहेरून आलेला रेणू चिकटला की पेशीला इशारा मिळतो. त्याला 'ग्राहक' नको. ग्रहण करणारा तो ग्राहक, व्याकरणाने ठीकच. पण तो शब्द आता दुकानाचा नि वीजबिलाचा झाला. 'गुणग्राही'मधला 'ग्राही' घ्यावा. नुसता मात्र घेऊ नये, कारण आयुर्वेदात ग्राही म्हणजे मळ बांधणारं, कच्च्या बेलफळासारखं. पेशीच्या पृष्ठभागावरचं 'ग्राही प्रथिन' म्हटलं की शंका उरत नाही.

खरी काळजी मला 'केमोकाइन'ची वाटते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या माणसाला 'केमो' एकच ठाऊक असते: "आईची तिसरी केमो झाली." तो हे वाक्य कसं वाचेल? केमोमुळे गाठ वाढते, असंच! एवढ्यावरून कुणी उपचार सोडला तर? दोन्हीकडच्या 'केमो'चा अर्थ 'रासायनिक' इतकाच. केमोकाइन हे शरीरातच तयार होणारं छोटं प्रथिन. ते जिकडे जास्त, तिकडे पेशी सरकत जाते. त्यासाठी संस्कृत शब्द घडवत बसू नये. केमोकाइनच ठेवावं, पण पहिल्याच उल्लेखात खुलासा हवा.

'वाहिनीजनन', म्हणजे नव्या रक्तवाहिन्या तयार होणं, हा शब्द तर काढूनच टाका. आपल्याकडे 'फुटणे' आहे, फांदी फुटते तसं, आणि घडतंही तसंच. आधीपासून असलेल्या बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी सुट्या होतात, गाठीच्या दिशेने सरकतात, मागच्या पेशी वाढत जातात आणि नवी नळी तयार होते. अशा वाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी वाढू शकत नाही, ही अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलेली कल्पना.

आता क्रियापदाकडे या. 'वाढते' हे सरसकट खरं नाही. सीएक्ससीआर-२ या ग्राही प्रथिनाला इंटरल्यूकिन-८ सारखं केमोकाइन चिकटलं की अस्तराच्या पेशींना पुढे सरकण्याचा इशारा मिळतो. हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी कमी वाढल्या आणि त्यांत रक्तवाहिन्याही कमी फुटल्या. उलट सीएक्ससीआर-३ वाहिन्या फुटण्याला आवर घालतं. नावात एका आकड्याचा फरक, काम विरुद्ध. म्हणून मूळ इंग्रजीत कोणतं ग्राही प्रथिन म्हटलंय ते आधी पाहा. सगळ्यांना एका अनेकवचनात कोंबू नका.

सीएक्ससीआर-२ असेल, तर मी असं लिहीन: "केमोकाइन ही शरीरातच तयार होणारी प्रथिनं आहेत, केमोथेरपीच्या औषधांशी त्यांचा संबंध नाही. त्यांतली काही केमोकाइन्स पेशीवरच्या सीएक्ससीआर-२ या ग्राही प्रथिनाला चिकटली की गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते आणि गाठीला जास्त रक्त मिळतं."

पत्रकात जागा कमी पडली तर सीएक्ससीआर-२ हे नाव गाळा, केमोथेरपीचा खुलासा गाळू नका.