थंडीतल्या कयाक-मासेमारीसाठी पहिले वेडर्स आणि बूट

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या खाडीचे पाणी जानेवारीत साधारण 12 ते 13 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, म्हणून तिथे थंडीत कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होडीतून मासेमारी सुरू करताना छातीपर्यंत येणारे जलरोधक वेडर्स (पाण्यात उतरताना कपड्यांवरून घालायची विजार) आधी घेणे योग्यच आहे. मात्र कयाक वल्हवताना घाम येतो. त्यामुळे जाड निओप्रीनऐवजी (फोमसारखे कृत्रिम रबर) वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचे, पायमोजे जोडलेले वेडर्स घ्यावेत आणि ऊब आतल्या लोकरी किंवा फ्लीसच्या कपड्यांतून मिळवावी. सुती कपडे ओले झाले की अंग गारठवतात.

बूट वेगळे घ्यावे लागतील. नवशिके बहुधा नेहमीच्या मापाच्या बुटांत जाड मोजे कोंबतात आणि पाय आवळून बधिर होतात, म्हणून एक माप मोठे घ्या. खाडीतल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा धारदार असल्याने तळ जाड आणि घोटा झाकलेला हवा. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीवरच्या विषारी काट्यापुढे साध्या बुटांचा भरवसा नाही. पाकट असू शकतील तिथे पाय न उचलता तळाशी घासत चालावे, म्हणजे ते आधीच दूर सरकतात.

दोन गोष्टींत हयगय नको: कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, म्हणजे पडल्यास आत पाणी कमी शिरते, आणि लाइफ जॅकेट पाण्यात चालतानाही अंगावर असावे. मासेमारीपूर्वी एकदा उथळ पाण्यात, कुणाला तरी सोबत घेऊन, मुद्दाम पडून पाहा आणि वेडर्ससकट कयाकवर परत चढता येते का, हे तपासा.