प्रेशर ब्लीडर पहिल्यांदा लावताना

भाऊ, ब्रेकचं काम घरी शिकतोयस, फार छान. प्रेशर ब्लीडर म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीवर दाब देऊन ब्रेकच्या नळ्यांतली हवा बाहेर काढणारा पंप. आधी त्यात ऑइल न भरता नुसत्या हवेवर तो त्या टाकीला जोडून बघ. झाकणातून हवा सुटली तर तिथेच थांब. नवख्यांचं ऑइल इथूनच उडतं आणि गाडीचा रंग खातं. उडालंच तर लगेच भरपूर पाणी ओत.

- दाब १० ते १५ पीएसआय पुरे. जास्त दिल्यास प्लास्टिकची टाकी तडकू शकते.
- निप्पलला, म्हणजे चाकाजवळच्या हवा काढायच्या स्क्रूला, रिंग पानाच लाव.
- ब्रेक ऑइलचा प्रकार डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर वाच. डबा सीलबंदच घे. इंदूरच्या पावसाळ्यात उघडा डबा हवेतली ओल ओढत राहतो.

झाकण काढण्याआधी दाब सोड. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवेतच. पेडल कडक लागल्याशिवाय गल्लीतसुद्धा गाडी काढू नकोस. एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नंतर बोलू.