पत्र्याला भोकं पडताहेत? आधी फट बघ

पातळ पत्रा वेल्डिंग करताना भोकं पडली, तर मशीनचा करंट कमी-जास्त करत बसू नकोस. 1 मिमीच्या पत्र्याला भोक पडतं ते बऱ्याचदा दोन कडांमधल्या फटीमुळे. कापल्यावर कडेला राहिलेली बर (धातूची खरबरीत धार) कानशीने काढ, नाहीतर कडा भिडल्यासारख्या वाटतात, पण भिडत नाहीत. मग जोड उजेडासमोर धर. उजेड दिसला तिथे पुन्हा कानस. कंटाळवाणं आहे खरं, पण निम्मं काम हेच.

नवशिके दोन ठिकाणी हमखास चुकतात:

- फट वेल्डिंगच्या तारेने भरतात. उष्णता वाढते, पत्रा वाकतो.
- एका टोकाकडून सलग वेल्ड ओढत जातात. त्याऐवजी 25-30 मिमीवर टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मार, एक इथे, पुढचा लांब तिथे. कडा एकमेकींवर चढल्या तर आधी ठोकून सरळ कर, मगच पुढचा टाका.

टिगचं, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने करायच्या वेल्डिंगचं, नंतर बघू. आधी भंगारातल्या दोन पट्ट्या जोड.