शनिवारची पोटदुखी

‘आमचा मुलगा स्काऊटमध्ये नको, मुलींबरोबर गाइडमध्ये जायचे म्हणतो. जाऊ द्यावे, की आत्ताच आवर घालावा?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे पालक संख्येने फार नाहीत, पण जे येतात ते बहुधा कित्येक रात्री जागून आलेले असतात. शाळेतले स्काऊट-गाइड, एनसीसी, मुलींचे लेझीम पथक, वसतिगृह, जिथे जिथे मुलगे एका रांगेत आणि मुली दुसऱ्या रांगेत उभ्या राहतात, तिथे तिथे हा प्रश्न कधी ना कधी समोर येतो. अशाच एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने इथे मांडते आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत आणि मुलाचे नावही खरे नाही.

चिनू तेव्हा अकरा वर्षांचे होते. (हे नपुंसकलिंग मी मुद्दाम वापरते आहे, कारण पुढे येईलच.) आईने आणले ते पोटदुखीसाठी. दर शनिवारी सकाळी पोट दुखायचे, मळमळायचे आणि दुपारी शाळा सुटायची वेळ झाली की सगळे आपोआप थांबायचे. बालरोगतज्ज्ञांनी जंतांचे औषध देऊन पाहिले, सोनोग्राफी करून पाहिली आणि शेवटी ‘शनिवारी शाळेत काय असते ते एकदा शोधा’ असे सांगून त्यांना माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीवर पाठवले. शनिवारी स्काऊट-गाइडचा तास असे.

पहिल्या भेटीत चिनूने हस्तांदोलनासाठी डावा हात पुढे केला. स्काऊट आणि गाइड दोघेही डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, हे मला त्यानेच शिकवले, म्हणजे या मुलाला त्या तासाचा कंटाळा होता असे मुळीच नव्हते. आम्ही चाळीस मिनिटे बोललो. बोलणे मोकळे होते, तरी काहीतरी खटकत होते, आणि ते काय हे समजायला मला बराच वेळ लागला. मराठीत ‘मी’ म्हटले की पुढचे क्रियापद बोलणाऱ्याला बहुतेक वेळा उघडे पाडते: मी जातो, मी जाते, मी दमलो, मी दमले. चिनूच्या बोलण्यात असे एकही वाक्य नव्हते. ‘मला जावे लागते’, ‘माझा अभ्यास झाला’, ‘मला ते आवडत नाही’, अशीच वाक्ये ते मूल इतक्या सफाईने रचत होते की ही सवय किमान दोन-तीन वर्षांची असावी. अकरा वर्षांच्या मुलाने मातृभाषेत दिवसभर अशी वाट काढत बोलायचे म्हणजे किती थकायला होत असेल याचा विचार करावा. आईवडील ‘तो’ म्हणत. आजी मात्र पहिल्यापासून ‘ते लेकरू’ म्हणत आली होती, आणि घरात चिनूचे सगळ्यांत जास्त आजीशीच जमत होते. मग मीही आजीचेच व्याकरण उचलले.

दुसऱ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. ‘तासाला सगळ्यांनी उभे राहून नियम म्हणायचे असतात. मुलगे म्हणतात, स्काऊट विश्वासू असतो. मला म्हणायचे असते, गाइड विश्वासू असते. नऊच्या नऊ नियम तेच आहेत मॅडम, फक्त शेवट वेगळा आहे.’ त्या शेवटाशी येऊन दर शनिवारी पोटात गोळा येत होता. घरी कोणी नसताना आईच्या निळ्या ओढणीचा स्कार्फ करून, आरशासमोर तीन बोटांची सलामी देऊन ‘असते’ म्हणून झालेले होते. हे आईला ठाऊक होते; वडिलांना नव्हते.

वडील तिसऱ्या भेटीला आले, आणि आल्या आल्या त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला हळू आवाजात: ‘मॅडम, याला सरळ करता येईल का?’ नाही, आणि तसा प्रयत्न करणेही योग्य नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशा ‘उपचारां’वर बंदी घालण्याचे निर्देश दिले आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तो डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. गावाकडच्या कोणी एखाद्या बाबांचा पत्ता दिला असेल तर तोही विसरावा. (दिलेला होता.) त्या प्रश्नामागची भीती मात्र मला समजत होती. मुंबईतल्या माणसाने ट्रान्सजेंडर व्यक्ती पाहिलेली असते ती सिग्नलवर किंवा लोकलच्या डब्यात, टाळी वाजवत पैसे मागताना, आणि आपल्या लेकराच्या जागी तो तेच चित्र पाहतो. मी त्यांना ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या गौरी सावंत यांची आठवण करून दिली. तरुणपणीच त्यांना घर सोडावे लागले होते. मुले सिग्नलवर पोचतात ती बहुतेक वेळा घराचे आणि शाळेचे दार बंद झाल्यानंतर. दार उघडे ठेवणे निदान आपल्या हातात असते.

दुसरा प्रश्न मोबाइल पुढे करून आला. ब्रिटनमधल्या गर्लगायडिंग या संस्थेने ट्रान्स मुलींना (जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेल्या, पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या मुलांना) नव्याने प्रवेश देणे थांबवल्याची बातमी कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. ‘जिथे हे गाइड सुरू झाले तिथेच बंद केले, मग आपण कशाला?’ बातमी खरी होती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 16 एप्रिल 2025 रोजी तिथल्या 2010 च्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून घ्यायचा, असा निकाल दिला आणि त्यानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, संस्थेने हा निर्णय जाहीर केला. पण तो त्यांच्या एका कायद्याच्या अर्थाचा परिणाम होता, मुलांच्या मनाविषयीचा निष्कर्ष नव्हे. अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्समध्ये 2011 साली कोलोराडोत सात वर्षांच्या अशाच एका मुलाला आधी नकार मिळाला आणि मग प्रवेश मिळाला. तिथल्या बॉय स्काऊट्सनी जानेवारी 2017 मध्ये अर्जावर जे लिंग लिहिलेले असेल तेच ग्राह्य धरायचे ठरवले. आपल्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा नालसा निकाल आहे आणि शिक्षणसंस्थेत ट्रान्सजेंडर व्यक्तीशी भेदभाव करण्यास मनाई करणारा 2019 चा कायदा आहे. केरळ उच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये एका ट्रान्स तरुणीला एनसीसीच्या मुलींच्या विभागासाठी अर्ज करता येईल असे म्हटले, कारण 1948 चा एनसीसी कायदा फक्त पुरुष आणि स्त्री एवढेच ओळखत असला तरी त्यामुळे तिचा हक्क संपत नाही. थोडक्यात, जगात याचे एकच उत्तर ठरलेले नाही, आणि म्हणूनच ‘तिकडे बंद केले’ हे आपल्या घरातल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

(एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, पण ती माझ्या मनात घोळत होती. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या स्काऊट मेळाव्याला काही मुली न बोलावता, स्वतःला स्काऊट म्हणवत आल्या होत्या. पुढच्या वर्षी मुलींसाठी गाइड सुरू झाले त्यामागे तो आगाऊपणाही होता.)

‘उद्या मत बदलले तर?’ हा खरा कळीचा प्रश्न आईने विचारला. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की अकराव्या वर्षी कोणीही खात्री देऊ शकत नाही. काही मुलांची ही जाणीव वयात येताना अधिक ठाम होते, काहींची वेगळे वळण घेते. मुलाला फ्रॉक आवडतो किंवा मुलगी झाडावर चढते एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही ते स्पष्ट लिहिले आहे, आणि लिंगविसंगतीला (जन्माच्या वेळचे लिंग आणि स्वतःची जाणीव न जुळणे याला) तिथे मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढले आहे. मी त्यांना एका अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले, कारण दीर्घकाळ लक्ष ठेवणारे कोणीतरी हवे होते. पण गाइडच्या तासाला बसणे हा काही शस्त्रक्रियेचा निर्णय नव्हे. स्कार्फ बांधता येतो तसा सोडताही येतो. पालक या वयात पुढच्या वीस वर्षांचा निवाडा करायला बसतात, आणि मूल फक्त येत्या शनिवारविषयी विचारत असते.

यानंतर माझ्या हातून चूक झाली. ‘शाळेशी मोकळेपणाने बोला’ असे मी आईला सांगितले, पण कोणाशी, किती आणि कसे, हे सांगितले नाही. त्या बिचारीने वर्गशिक्षिकेला व्हॉट्सअॅपवर मनातले सगळे लिहून पाठवले, आणि दोन दिवसांत त्याचा स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर फिरला. चिनू आठवडाभर शाळेत गेले नाही. ओळख ही मुलाची स्वतःची गोष्ट असते आणि ती कोणाला कळावी हे आधी मुलालाच विचारायचे असते, हे पुस्तकात शिकलेले मी ऐन वेळी विसरले. आता मी पालकांना प्रत्यक्ष भेट घ्यायला सांगते, फक्त मुख्याध्यापकांची, आणि चिठ्ठी-संदेश काहीही न देता.

त्या ग्रुपमुळे दुसऱ्या बाजूच्या एक आईही मला भेटायला आल्या. त्यांची मुलगी त्याच गाइड कंपनीत, म्हणजे शाळेच्या गाइड पथकात, होती. ‘माझा त्या मुलावर राग नाही, पण शिबिरात मुली कपडे बदलणार, पाळीचे विषय निघणार. हे तरी एक ठिकाण फक्त मुलींचे राहू द्या ना.’ या म्हणण्याला द्वेष समजून उडवून लावणारे लोक मला पटत नाहीत. फक्त मुलींच्या पथकात मुली किती खुलतात हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. मुलग्यांसमोर तोंड न उघडणारी मुलगी तिथे टोळीनायिका होते. पण खोलात गेल्यावर दिसले की त्यांची काळजी चिनूची नव्हतीच, ती आडोशाची होती. शिबिरात मुलींना कपडे बदलायला एक सामाईक तंबू असे, त्यालाही नीट पडदा नव्हता, आणि त्यांच्या मुलीला लहानपणीच्या भाजल्याच्या व्रणामुळे तिथे नकोसे होत असे. हे त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होत्या. प्रत्येकीला एकटीने कपडे बदलता येईल असे दोन आडोसे, तिथे मोबाइल नाही आणि जवळपास नेहमी दोन शिक्षिका, एवढे शाळेने केले तर ते सगळ्याच मुलींच्या भल्याचे होते. पोक्सो कायदाही बालकाचे संरक्षण करताना ते मुलगा आहे की मुलगी हे पाहत नाही.

मुख्याध्यापिकांनी दोन आठवडे घेतले. त्यांना वरून कोणी काही विचारेल याची भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. एनसीईआरटीने 2021 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, आणि आक्षेप येताच काही दिवसांत ती संकेतस्थळावरून काढून घेतली. शेवटी त्यांनी आठवड्याच्या तासाला परवानगी दिली. एका मुलीला तिच्या पालकांनी गाइडमधून काढले आणि ती परत आली नाही. त्या पालकांचा निर्णय त्यांचा, पण मला तो पटला नाही.

अडले ते तीन दिवसांच्या शिबिरावर. कर्जतजवळच्या त्या शिबिरात चिनूला गाइड कॅप्टनच्या तंबूशेजारी स्वतंत्र छोटा तंबू द्यावा असे शाळेने सुचवले. मला ते समंजस वाटले. चिनूला मात्र वाटले नाही. ‘मला एकटीला वेगळ्या तंबूत झोपायचे नाही. सगळे बघतील. त्यापेक्षा रात्री घरी जाणे बरे.’ ‘एकटीला’ हा शब्द माझ्या खोलीत तोपर्यंत कधी उच्चारला गेला नव्हता. मी विचारले, ‘मी तुला काय म्हणू?’ उत्तर आले: ‘इथे ती चालेल. शाळेत अजून नको.’ म्हणून इथून पुढे ती.

कर्जतहून रोज रात्री मुंबईला यायचे म्हणजे वेड्यासारखा प्रवास झाला असता. वडिलांनी तीन दिवसांची रजा टाकली, बदलापूरला मावसबहिणीकडे मुक्काम केला, रोज रात्री शेकोटीनंतर चिनूला घेऊन गेले आणि पहाटेच्या लोकलने, सकाळच्या व्यायामाला उशीर होऊ नये म्हणून, परत आणून सोडले. मला ही व्यवस्था आदर्श वाटत नाही. मुली तंबूत रात्री ज्या गप्पा मारतात त्याच शिबिराचा निम्मा आनंद असतो, आणि तो तिला मिळाला नाही. आडोशांचे मात्र असे झाले की पहिल्या दिवसापासून तिथे रांग लागली आणि तिसरा आडोसा करावा लागला.

शिबिरानंतर बापलेक दोघे आले. वडिलांनी मोबाइलवर फोटो दाखवला: बांबू आणि सुतळीचा चप्पल स्टँड, टोळीने केलेला, थोडा डावीकडे कललेला. ‘वरच्या गाठी सगळ्या हिने मारल्यात,’ ते म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात ‘घरी तो साधी चादरसुद्धा घडी करत नाही’ असेही म्हणाले. चिनूने दोन्ही ऐकले. मग तिने माझ्या खिडकीच्या पडद्याची दोरी ओढून घेतली आणि क्लोव्ह हिच ही गाठ कशी मारायची ते मला दाखवू लागली. मला तिसऱ्या प्रयत्नात जमली.