वांद्र्याचा किनारा एका दिवसात कसा पाहावा?

तुम्ही विचारलंय, मुंबईत एक दिवस मोकळा आहे, वांद्र्याच्या समुद्रकाठाचं फार नाव ऐकलंय, तर कॅफे आणि नटांचे बंगले सोडून तिथं काय पाहावं? मी शेजारीच, खारला राहते. घरी पाहुणे आले की त्यांना मी आधी गावठाणांत नेते, समुद्रकाठच्या बँडस्टँड रस्त्याला नंतर. तुम्हालाही तेच सांगेन.

कारण आज जिथं कॉफीची दुकानं आणि कपड्यांची बुटिक आहेत, त्यातल्या कित्येक गल्ल्या ईस्ट इंडियन लोकांच्या जुन्या पाखाड्या, म्हणजे छोट्या वस्त्या, आहेत. हे लोक इथलेच, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, पण घरातली बोली मराठीच. रणवार गावठाणात सकाळी आठच्या सुमाराला जा. कौलारू छपरं, बाहेरच्या अंगानं वर जाणारे लाकडी जिने, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस. यातले बरेच क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीत, गावावरचं संकट टळावं म्हणून उभारलेले. आजही त्यांना हार घातलेले दिसतात. कुणी आजी दारात बसल्या असतील तर मराठीत बोला. त्यांची मराठी ऐकताना मला दर वेळी फार आनंद होतो. मात्र घरांच्या आत कॅमेरा रोखू नका. लोक तिथं राहतात, आणि दिवसभर फोटोवाल्यांचा त्यांना खरोखर त्रास होतो.

चॅपल रोडच्या भिंतींवरची चित्रं जाता जाता पाहून होतील.

हिल रोडच्या समुद्राकडच्या टोकाला सेंट अँड्र्यू चर्च आहे. १५७५ च्या सुमारास स्थापन झालेलं, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीचं. तिथून चिंबई कोळीवाडा अगदी जवळ. होड्या, जाळी, आणि मागे उंच इमारती. कोळी बांधव जाळी दुरुस्त करत बसलेले असले तर विचारून मगच पुढे जा.

मग मोतमाउलीची टेकडी चढा. आपली माणसं माउंट मेरीला मोतमाउली म्हणतात, आणि सर्व धर्मांचे लोक तिथं नवसाला येतात. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, घरं मिळतात. ज्याचं दुखणं असेल किंवा जी इच्छा असेल, त्या आकाराचं मेण वाहायचं. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते. त्या दिवसांत निवांत फिरायचा बेत असेल तर तारीख बदला. जत्राच पाहायची असेल तर मात्र जरूर या.

टेकडी उतरून किनाऱ्यानं दक्षिणेकडे चाललात की पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला वांद्र्याचा किल्ला लागतो. तटबंदी थोडीच उरली आहे. गलबतांना इथून गोडं पाणी मिळे आणि माहीमच्या खाडीवर नजर ठेवता येई. १७३९ पर्यंत साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यात येतं ते बेट, मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. तटावर उभं राहिलं की समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९ साली सुरू झालेला, साडेपाच किलोमीटरहून लांब. त्यावर पायी जाता येत नाही, रिक्षा आणि दुचाकीलाही बंदी आहे, त्यामुळे तो पाहायला माझ्या मते हीच जागा उत्तम.

बँडस्टँडला शाहरुख खानच्या घरासमोर रविवारी संध्याकाळी मोठी गर्दी असते, शक्यतो आडवारी या. ओहोटीला कातळ उघडे पडतात आणि पोरं सेल्फीसाठी आत जातात. कृपा करून जाऊ नका. ते शेवाळानं निसरडे असतात, भरती कधी मागून वेढते ते कळत नाही, आणि इथं माणसं बुडालेली आहेत.

वेळ उरलाच तर संध्याकाळी कार्टर रोड. उत्तरेला चालत राहिलात तर खारदांड्याच्या कोळीवाड्यापर्यंत पोचाल.

येताना लोकलनं वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरा, तिथून रिक्षा मिळते. परतताना दादर किंवा दक्षिण मुंबईकडे जायचं असेल तर रिक्षा माहीमच्या पुढे जात नाही, टॅक्सी किंवा लोकलच घ्या.